हबसाण ते सफारी : मराठी कथनातील आफ्रिकेच्या प्रतिमेची स्थित्यंतरे

१

परक्या भूमीची जी प्रतिमा एखाद्या समाजाच्या मनात असते, ती त्या भूमीच्या प्रत्यक्ष ज्ञानापेक्षा त्या समाजाच्या कथनव्यवहारातून अधिक घडत असते. जो प्रदेश कधी पाहिलेला नाही त्याच्याविषयी ठाम मते असणे हे त्यामुळेच शक्य होते. मराठी समाजमनातील आफ्रिका हे याचे एक ठळक उदाहरण होय. आफ्रिका हा अलीकडे, इंग्रजी विद्येच्या द्वारा, परिचित झालेला दूरचा प्रदेश आहे, ही समजूत सुशिक्षित मराठी वाचकाच्या मनात इतकी रुजली आहे की तिची तपासणी करण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. वस्तुतः दख्खन आणि कोकण यांचा आफ्रिकेशी असलेला संबंध किमान दोन हजार वर्षांचा आहे. त्यातील तीनचारशे वर्षे तर तो राज्यकारभार, युद्ध आणि महसूल यांच्या पातळीवरचा अत्यंत निकटचा संबंध होता. तेव्हा विचार करावयाचा तो अज्ञानाचा नसून विस्मरणाचा. हे विस्मरण कसे घडले, कोणत्या कथनप्रकारांनी ते घडवले, आणि आज पर्यटनाच्या निमित्ताने आफ्रिका पुन्हा मराठी माणसाच्या दृष्टिपथात येत असताना त्या जुन्या संबंधाचे काय होते, याचा शोध प्रस्तुत निबंधात घ्यावयाचा आहे.

या शोधासाठी उभे राहण्याची जागा म्हणून ठाणे जिल्ह्यातील धसई हे गाव सोयीचे आहे. मुरबाड तालुक्यातील हे बाजारपेठेचे गाव सह्याद्रीच्या मुख्य भिंतीच्या पायथ्याच्या पट्ट्यात वसलेले आहे. येथून पुढे देहरीला जावे आणि गोरखगड चढावा, हा मुंबई-कल्याणच्या गिर्यारोहकांचा परिपाठ. याच तालुक्याच्या पूर्व सीमेवर नाणेघाट आहे. शेजारच्या शहापूर तालुक्यात माहुलीचा किल्ला आहे. आफ्रिकेचा विषय निघाल्यावर ही तीन ठिकाणे कोणाच्याही मनात येणार नाहीत. परंतु त्यांपैकी दोहोंचा त्या खंडाशी ऐतिहासिक संबंध आहे, आणि तिसऱ्याच्या वाटेवर आज जे घडते त्यातून त्या संबंधाच्या विस्मरणाचे मोल कळून येते.

२

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधील एका अनामिक ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेले ‘पेरिप्लस’ हे सागरी मार्गदर्शनाचे पुस्तक इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. मराठी लेखनात त्याचा उल्लेख येतो तो बहुधा भडोच, पैठण, तेर, सोपारा आणि कल्याण या नावांच्या पुराव्यासाठी. मात्र त्याच पुस्तकाचा पूर्वार्ध तांबड्या समुद्रापासून पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याने दक्षिणेकडे ऱ्हाप्टा या बंदरापर्यंत जातो. पश्चिम भारतातून आफ्रिकेच्या बंदरांकडे गहू, तांदूळ, तूप, तिळाचे तेल, सुती कापड आणि उसाचा ‘मध’, म्हणजे साखरेचा एक प्रकार, जात असे, अशी नोंद त्यात आहे. कल्याण बंदराची त्या काळी राजकीय कारणांनी कोंडी झाली होती आणि तेथे उतरणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचकडे नेली जात, हेही त्यात सांगितले आहे. कल्याणहून घाटमाथ्यावरील जुन्नरकडे जाणारा मार्ग नाणेघाटाचा. तेथील सातवाहनकालीन लेण्यातील नागनिकेचा लेख यज्ञांची आणि दानांची गणना करतो. त्यातील अंकचिन्हे तर भारतीय अंकलेखनाच्या इतिहासात महत्त्वाची ठरली आहेत.

येथे कथनमीमांसेच्या दृष्टीने एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ‘पेरिप्लस’चा निवेदक आफ्रिकेचा किनारा आणि कोकणचा किनारा यांचे वर्णन एकाच सुरात करतो. बंदर कोठे आहे, वारा कोणत्या महिन्यात अनुकूल असतो, कोणता माल खपतो, राजा कसा आहे, हेच त्याचे प्रश्न. त्याच्या लेखी दोन्ही किनारे एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत. एक सुसंस्कृत आणि दुसरा रानटी, एक प्रकाशातला आणि दुसरा अंधारातला, अशी विभागणी त्याला सुचत नाही. पुढे जी विभागणी स्वाभाविक वाटू लागली ती मुळात स्वाभाविक नव्हती, याचा हा पहिला पुरावा.

३

व्यापाराच्या या संबंधाला मध्ययुगात माणसांच्या येण्याची जोड मिळाली. त्या येण्यामागे गुलामांच्या व्यापाराचे क्रौर्य होते, हे विसरता येत नाही. परंतु दख्खनच्या सुलतानशाह्यांत लष्करी गुलामगिरीचे स्वरूप असे होते की गुलाम म्हणून आलेला माणूस सेनापती, वजीर किंवा राज्याचा प्रत्यक्ष कारभारी होऊ शके. अबिसीनिया या प्रदेशाच्या ‘हबश’ या अरबी नावावरून ‘हबशी’ हा शब्द मराठीत आला. ‘माझे स्वामी’ अशा अर्थाच्या ‘सय्यिदी’ या संबोधनावरून ‘सिद्दी’ हा शब्द आला, असे मानले जाते. म्हणजे एका शब्दात देशाची ओळख आहे आणि दुसऱ्यात आदराची. आज बोलीभाषेत ‘हबशी’ हा शब्द ज्या अर्थाने वापरला जातो त्यात यांपैकी काहीही उरलेले नाही. शब्दाच्या अर्थाची ही घसरण हाच या इतिहासाचा सारांश आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

मलिक अंबर हे या काळाचे सर्वांत मोठे नाव. सुमारे १५४८ मध्ये इथिओपियात जन्मलेला, चापू या मूळ नावाचा हा मुलगा अरब बाजारांतून विकला जात बगदादमार्गे दख्खनला पोहोचला. निजामशाहीचा पेशवा चंगीजखान, जो स्वतः हबशी होता, त्याने त्याला विकत घेतले. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती गेल्यावर अंबराने दुसऱ्या मुर्तजा निजामशाहाला गादीवर बसवून राज्य चालू ठेवले, गनिमी काव्याने मोगलांना पंचवीस वर्षे रोखून धरले, १६१० मध्ये खडकी हे नगर वसवले आणि त्याला नहरींच्या द्वारे पाणी पुरवले. जमिनीची प्रतवारी आणि मोजणी यांवर आधारलेली त्याची महसूलपद्धती ‘मलिकंबरी’ या नावाने पुढेही ओळखली जात राहिली. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत त्याच्या बाजूने शहाजीराजे लढले. १६२६ मध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर खुलदाबादला आहे.

अंबराविषयीच्या दोन समकालीन कथनपरंपरा परस्परांशेजारी ठेवल्या म्हणजे एक भेद स्पष्ट होतो. जहांगीर आपल्या आत्मवृत्तात अंबराचा उल्लेख करताना त्याच्या वर्णाला हटकून शिवी देतो. अबुल हसन या चित्रकाराने रंगवलेल्या एका प्रसिद्ध चित्रात बादशहा अंबराच्या भाल्यावर खोचलेल्या मस्तकावर बाण सोडताना दिसतो. प्रत्यक्षात अंबर कधीच त्याच्या हाती लागला नाही. पराभवाची भरपाई येथे कल्पनेने केली आहे, आणि त्या कल्पनेचे इंधन वर्ण हे आहे. याउलट कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त भातवडीच्या युद्धाचे जे विस्तृत वर्णन येते त्यात मलिक अंबर हा एक पराक्रमी सेनानी म्हणून वावरतो. त्याच काव्यात शिवाजीमहाराजांच्या बाजूने लढणारा सिद्दी हिलाल आणि त्याचा पुत्र हेही आहेत. प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाच्या भेटीच्या वेळी महाराजांसोबत निवडलेल्या दहा अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता. दख्खनच्या कथनविश्वात हबशी हा मित्रही होता, शत्रूही होता, आणि दोन्ही भूमिकांत तो येथलाच होता.

शहापूरच्या माहुलीचा संबंध येतो तो येथे. १६३३ मध्ये दौलताबाद पडल्यावर शहाजीराजांनी निजामशाही वंशातील एका बालकाला गादीवर बसवून त्याच्या नावाने राज्य चालवले. अंबराने १६०० नंतर जे केले होते त्याचीच ही पुनरावृत्ती होती. हा प्रयोग १६३६ मध्ये माहुलीच्या वेढ्यात संपला. शहाजीराजांच्या या धडपडीत पुढील स्वराज्याची बीजे पाहण्याची इतिहासलेखनाची परंपरा आहे. तसे असेल तर त्या बीजाचा एक धागा इथिओपियातून आलेल्या एका माणसाच्या राजनीतीपर्यंत जातो, हेही मान्य करावे लागते. माहुलीवर जाणाऱ्या पर्यटकाला सांगितल्या जाणाऱ्या कथेत शहाजीराजे असतात. अंबर मात्र नसतो.

४

मराठी मनातील हबशी आज ज्या एका कथेने व्यापला आहे ती जंजिऱ्याची. मराठी कागदपत्रांत जंजिऱ्याच्या सिद्दीच्या मुलखाला ‘हबसाण’ म्हटले जाते. म्हणजे आफ्रिकेतील एका देशाचे नाव धारण करणारा प्रदेश कोकणच्या नकाशावरच होता. महाराजांच्या मोहिमा, पद्मदुर्गाची उभारणी, १६८२ मध्ये संभाजीराजांनी खाडीत भराव घालण्याचा केलेला प्रयत्न, १७२७ मधील परशुराम देवस्थानाचा विध्वंस, ब्रह्मेंद्रस्वामींची पत्रे, १७३६ मध्ये चिमाजीअप्पांनी सिद्दी सातचा केलेला पाडाव, या साऱ्यांतून सिद्दी हा कोकणचा कायमचा वैरी म्हणून उभा राहतो. हे वैर राजकीय होते आणि धार्मिकही होते. ते सौम्य करून सांगण्याचे कारण नाही. तथापि त्या वैराच्या कथनात सिद्दी हा दर्यावर अधिकार गाजवणारा, तोफा बाळगणारा, वेढे सोसणारा, तहाची बोलणी करणारा शत्रू आहे. त्याची भीती होती, द्वेष होता; पण तो मागासलेला आहे ही भावना तेथे आढळत नाही. ज्याचा किल्ला शेवटपर्यंत घेता आला नाही त्याला तुच्छ लेखण्याची चैन बखरकाराला परवडण्यासारखी नव्हती.

याच परिसरातील दोन कथांची तुलना उद्बोधक ठरते. पहिली कथा किल्ल्याच्या उत्पत्तीची. राजापुरीच्या खाडीतील बेटावर कोळ्यांचा मेढेकोट होता. राम पाटील हा त्यांचा नायक. निजामशाहीचा सरदार पिरमखान व्यापाऱ्याच्या वेषात आला, दारूची पिंपे उतरवण्याची परवानगी त्याने मागितली, कोळी दारू पिऊन बेहोश झाल्यावर पिंपांतून सैनिक बाहेर पडले आणि मेढेकोट गेला. दुसरी कथा कोंडाजी फर्जंदाची. संभाजीराजांशी बिनसल्याचा बहाणा करून तो सिद्दीच्या आश्रयाला गेला. दारूगोळ्याचे कोठार उडवून देण्याचा त्याचा बेत होता. तो उघडकीस आला आणि त्याला प्राणास मुकावे लागले. कथेची रचना दोन्हीकडे सारखीच आहे: वेषांतर, विश्वासाने मिळालेला प्रवेश, आतून घात. परंतु पहिल्या कथेत या कृतीला कपट म्हटले जाते आणि दुसरीत हौतात्म्य. कृतीचे मूल्य कृतीत नसून निवेदकाच्या स्थानात असते, याचे याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणे कठीण.

पहिल्या कथेत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. तिच्यात सिद्दी कपटी ठरतो, त्याबरोबरच कोळी दारूडा ठरतो. परका धूर्त आणि मूळनिवासी व्यसनी व भोळा, ही जोडी जगभरच्या अनेक जयकथांत आढळते. त्याच कोळी समाजातील लाय पाटील पद्मदुर्गाच्या काळात जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावण्याचे साहस करतो तेव्हा तो कथेत वीर म्हणून येतो. म्हणजे कोळ्याचेही चित्र कथा कोणाची यावर पालटते. आफ्रिकेविषयीच्या प्रतिमेचा विचार येथल्या वनवासी आणि दर्यावर्दी समाजांच्या प्रतिमेपासून वेगळा काढता येत नाही, तो या कारणाने.

५

एकोणिसाव्या शतकात या कथनविश्वात मूलगामी बदल झाला. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा ठाणे जिल्ह्याविषयीचा तेरावा खंड १८८२ मध्ये आणि कुलाबा व जंजिऱ्याविषयीचा अकरावा खंड १८८३ मध्ये प्रसिद्ध झाला. माहितीचा अपूर्व साठा म्हणून या खंडांचे मोल वादातीत आहे. परंतु त्यांतील जातीजमातींच्या वर्णनाची पद्धत पाहिली की ठाकूर, कातकरी, वारली असोत वा सिद्दी, सर्वांना एकच मोजपट्टी लावलेली दिसते: अंगकाठी, वर्ण, खाणेपिणे, स्वभाव, व्यसने. मलिक अंबराच्या काळी जो माणूस कर्तृत्वाने ओळखला जात होता तो आता शरीरलक्षणांनी ओळखला जाऊ लागला. मुरबाडचा कातकरी आणि जंजिऱ्याचा सिद्दी हे ज्ञानव्यवस्थेच्या एकाच कप्प्यात गेले.

याच सुमारास ‘अंधाऱ्या खंडा’ची कल्पना इंग्रजी प्रवासग्रंथांनी रूढ केली. स्टॅन्लेच्या १८७८ च्या ग्रंथाने तर ती शीर्षकातच मिरवली. लिव्हिंग्स्टन आणि स्टॅन्ले हे आफ्रिकेचे ‘शोधक’ म्हणून शाळेतून मराठी मुलांना परिचित झाले. परंतु या शोधकथेत एक पान गळलेले आहे, आणि ते पान महाराष्ट्रातले आहे. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांसाठी चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ शरणपूर येथे आश्रयस्थान चालवले होते. १८६६ मध्ये आपल्या अखेरच्या मोहिमेवर निघताना लिव्हिंग्स्टनने याच ठिकाणचे नऊ तरुण बरोबर घेतले होते. पुढे त्याच्या मदतीला धाडलेल्या तुकडीतील जेकब वेनराइट हाही नाशिकलाच शिकलेला. लिव्हिंग्स्टनचा देह आफ्रिकेच्या अंतर्भागातून किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता, आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेतील दफनविधीला तो उपस्थित होता. मोंबासाजवळ १८७५ मध्ये मुक्त गुलामांची जी वसाहत स्थापन झाली तिच्या उभारणीत या ‘बॉम्बे आफ्रिकनां’चा मोठा वाटा होता. मुंबईहून नाशिकला जाणारी वाट शहापूर-कसाऱ्यावरून जाते. ज्या प्रदेशाला मराठी पाठ्यपुस्तक अंधारा म्हणत होते, त्या प्रदेशाची लेकरे याच वाटेने शिकायला जात होती.

विसाव्या शतकात बालवाङ्मयाने आणि चित्रकथांनी ही प्रतिमा घट्ट केली. टारझनच्या कथा मराठीत आल्या. १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्समधून ली फॉकचा ‘फँटम’ देशी भाषांत अवतरला आणि ‘वेताळ’ या नावाने घरोघरी पोहोचला. या नामांतराचा विचार करण्याजोगा आहे. वेताळ हे कोकणातील आणि गोमंतकातील ग्रामदैवत. गावाच्या सीमेचा तो राखणदार. जंगलातील काळ्या टोळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या नैतिक अधिराज्य गाजवणाऱ्या एका गोऱ्या माणसाला हे नाव मिळाले तेव्हा वसाहतवादी कथेला देशी दैवताचा अंगरखा चढला. वाचक मुलाने आपले तादात्म्य कोणाशी साधावे हे त्या नावाने आधीच ठरवून टाकले. चिनुआ अचेबे यांनी १९७५ च्या आपल्या सुप्रसिद्ध व्याख्यानात कॉनरॅडच्या कादंबरीवर घेतलेला आक्षेप हाच होता की तेथे आफ्रिका ही केवळ पार्श्वभूमी आहे, माणूस म्हणून आफ्रिकी माणूस तेथे नाही. मराठी मुलाने ही पार्श्वभूमी, कॉनरॅडचे नावही न ऐकता, रंगीत चित्रांतून आत्मसात केली.

६

या प्रवाहाच्या विरुद्ध जाणारी एक धाराही मराठीत आहे आणि तिचा उगम जोतीराव फुले यांच्या १८७३ च्या ‘गुलामगिरी’त आहे. निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सत्पुरुषांना हे पुस्तक अर्पण करताना जोतीरावांनी येथल्या शूद्रातिशूद्रांच्या दास्याला त्या दास्याच्या शेजारी बसवले. काळा माणूस येथे प्रथमच मराठी वाचकासमोर दुःखाचा समभागी म्हणून आला. शतकभरानंतर, १९७२ मध्ये, दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. म. ना. वानखेडे, जनार्दन वाघमारे प्रभृतींनी कृष्णवर्णीय अमेरिकन साहित्याचा परिचय करून दिला. ‘अस्मितादर्श’च्या परिघात ही तुलना रुजली. वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’ने १९८१ नंतर, दलित साहित्याच्या वाचकवर्गाबाहेरही, गुलामीत जन्मलेल्या एका शास्त्रज्ञाला मध्यमवर्गीय मराठी घरात आदराचे स्थान मिळवून दिले.

या धारेचे ऋण मोठे आहे. तरीही तिची एक मर्यादा नोंदवली पाहिजे. दलित साहित्याच्या या विचारमंथनाचे एक प्रमुख केंद्र औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे होते. हे नगर ज्या खडकीवर उभे आहे ती खडकी एका मुक्त झालेल्या आफ्रिकी गुलामाने वसवली होती. परंतु काळ्या माणसाचे दुःख आणि विद्रोह मराठीत आले ते अटलांटिकच्या पलीकडून, इंग्रजी पुस्तकांच्या द्वारा. हिंदी महासागराची वाट, जी कल्याणला आणि खडकीला येऊन मिळत होती, ती या तुलनेत फारशी उपयोगात आली नाही. याला कारण आहे. अंबराची कथा पीडिताची म्हणून सांगता येत नाही, कारण तो सत्ताधीश झाला. आणि सत्ताधीशाची म्हणून सांगावी तर ती राष्ट्रीय इतिहासाच्या चौकटीत परकीयाची ठरते. दोन्ही चौकटींना पुरून उरणारा हा माणूस म्हणून दोन्हींच्या बाहेर राहिला. अलीकडे त्याच्याविषयीचे कुतूहल वाढले तेही बाहेरून: रिचर्ड ईटन यांचा दख्खनच्या सामाजिक इतिहासावरील ग्रंथ २००५ चा, आणि भारतातील आफ्रिकी सेनानींविषयीचे न्यूयॉर्कमधील प्रदर्शन २०१३ चे.

७

पर्यटन हा या इतिहासातील सर्वांत नवा कथनप्रकार. मराठी प्रवासवर्णनाच्या भरभराटीच्या काळाकडे पाहिले तर पु. ल. देशपांडे यांची ‘अपूर्वाई’ युरोपची आणि ‘पूर्वरंग’ आग्नेय आशियाची. मध्यमवर्गाची प्रवासाची आकांक्षा ज्या पुस्तकांनी घडवली त्यांच्या नकाशावर आफ्रिका नव्हती. पुढे मीना प्रभु यांच्या ‘इजिप्तायन’ने इजिप्तचे दर्शन घडवले, पण सर्वसामान्य वाचकाच्या मनात इजिप्त हे पिरॅमिडांचे प्राचीन राष्ट्र आहे, ‘आफ्रिका’ नव्हे. मॉरिशसचेही तसेच. एकोणिसाव्या शतकात कोकणातून तेथे गेलेल्या मजुरांच्या वंशजांनी मराठी जपली. तरीही मॉरिशस मराठी पर्यटकाला आपले वाटते ते आफ्रिकेतून वजा करून.

नव्वदच्या दशकानंतर सहल-कंपन्यांच्या जाहिरातींतून केनिया आणि टांझानिया मराठी घरांत आले ते ‘सफारी’ म्हणून. हा शब्द स्वाहिली. त्याचे मूळ अरबी ‘सफर’. तोच शब्द फार्सीच्या वाटेने मराठीत कधीच स्थिरावलेला आहे. एकाच समुद्राच्या दोन काठांवर एकाच मुळाचे शब्द नांदत असताना मराठीने ‘सफारी’ इंग्रजीकडून, परका शब्द म्हणून, घेतला. मधल्या काळात तो पुढाऱ्यांच्या पोशाखालाही चिकटला. सफारीच्या कथनात प्राणी आहेत, गवताळ प्रदेश आहे, सूर्यास्त आहे; माणूस असलाच तर तो लाल वस्त्रातील, उंच उडी मारणारा मसाई. नैरोबीतील विद्यापीठ, तेथील वृत्तपत्रे, एन्गूगी वा थिओंगो यांची गिकुयू भाषेतील कादंबरी, यांपैकी काहीही त्या सहलीच्या कार्यक्रमात बसत नाही. पाहणे आणि ओळखणे यांतील अंतर पर्यटन नेहमीच मिटवते असे नाही. पुष्कळदा ते पैसे घेऊन पक्के करते.

देशांतर्गत पर्यटनाचे चित्रही फारसे निराळे नाही. गीरच्या सिंहदर्शनाच्या जोडीला गुजरातमधील सिद्दींचा ‘धमाल’ पाहुण्यांपुढे सादर होतो. एका सूफी परंपरेतील भक्तिनृत्य ‘आफ्रिकन नृत्य’ म्हणून पाहिले जाते. जंजिऱ्याला राजापुरीहून शिडाच्या होडीने जाणाऱ्या प्रवाशाला तोफा, गोड्या पाण्याचे तलाव, भुयार आणि अयशस्वी स्वाऱ्या यांची कथा ऐकवली जाते. ही मौखिक कथनाची एक जिवंत परंपरा आहे आणि तिची चतुराई वाखाणण्यासारखी आहे: किल्ला अजिंक्य होता हे सांगितल्याशिवाय त्याचे मोल वाढत नाही, आणि तो जिंकता आला नाही याची खंत व्यक्त केल्याशिवाय श्रोत्याचे समाधान होत नाही. या पेचातून मार्ग काढताना सिद्दी मात्र केवळ ‘ते’ उरतात. जवळच खोकरीचे भव्य घुमट आहेत. तेथे पावले कमी वळतात. कोकणच्या दक्षिणेस, उत्तर कन्नड जिल्ह्याच्या हल्याळ-यल्लापूर भागात कोंकणी-मराठी बोलणारे सिद्दी आजही राहतात, आणि कर्नाटकातील सिद्दींना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, हे होडीतील कथेत येत नाही. परिणामी, मराठी बोलणारा आफ्रिकी वंशाचा माणूस समोर आला तर मराठी माणूसच त्याला ‘कोठून आलात’ असे विचारतो. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडा येथे आफ्रिकी विद्यार्थ्यांवर जे हल्ले झाले त्यांच्या मुळाशी अफवा होती. आणि अफवा ही जुन्या कथांच्या सरपणावरच पेटते.

८

आता पुन्हा धसईकडे वळावयाचे. पावसाळा सरला की शनिवार-रविवारी पाठपिशव्या घेतलेले गट येथून देहरीकडे जातात. त्यांच्या माहितीपत्रकात वाटा, पाण्याची टाकी, गुहा आणि मुक्कामाची सोय असते. जवळच्या सिद्धगडाच्या परिसरात २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आले, हे काहींना ठाऊक असते. परंतु वाटेवरील ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या त्या कथनात ‘निसर्गरम्य’ या विशेषणाचाच एक भाग होऊन येतात. सफारीत मसाई जसा गवताळ प्रदेशाचा भाग, तसा येथे कातकरी रानाचा. त्याच्या अंगणाचे छायाचित्र घेतले जाते. त्याच्या जमिनीच्या प्रश्नाची चौकशी होत नाही. आफ्रिकेकडे पाहण्यासाठी घासून घडवलेली भिंगे घरी परतल्यावर उतरवली जात नाहीत. किंबहुना ती अगोदर येथेच, गॅझेटियरच्या पानांत, घडवली गेली होती.

धसईलाही स्वतः या प्रक्रियेचा अनुभव आला आहे. डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातील पहिले ‘कॅशलेस’ गाव म्हणून ते देशभर वर्तमानपत्रांत झळकले आणि काही आठवडे एवढीच त्याची ओळख उरली. भात, बाजार, म्हशाच्या जत्रेची ये-जा, घाटवाटांचा इतिहास, हे सारे त्या एका मथळ्याआड गेले. नायजेरियन लेखिका चिमामांडा अदिची यांनी २००९ च्या आपल्या भाषणात ‘एकाच कथे’चा जो धोका सांगितला तो असा की ती कथा खोटी असतेच असे नाही, ती अपुरी असते, आणि तिच्यामुळे दुसऱ्या कथा ऐकू येईनाशा होतात. मथळ्याने झाकलेले गाव आणि सिंहांनी झाकलेला खंड यांच्यात प्रमाणाचा भेद प्रचंड आहे. रीत मात्र एकच आहे.

यावर उपाय म्हणून आफ्रिकेची एखादी गौरवगाथा रचणे पुरेसे होणार नाही. मलिक अंबराला स्वराज्याचा पूर्वसूरी ठरवून मिरवणे हेही त्याला पुन्हा एकाच कथेत कोंडणे होईल; त्याच्या आयुष्यातील गुलामांचा बाजार त्या कथेतून गळून पडेल. समीक्षेचे काम याहून कष्टाचे आहे. हबसाण, मलिकंबरी, सफर यांसारख्या शब्दांत साठलेली स्मृती उकलणे, पिरमखानाची आणि कोंडाजीची कथा शेजारी ठेवून वाचणे, नाशिकच्या त्या तरुणांना शोधकथेत त्यांची जागा देणे, सिद्दींच्या कोंकणी-मराठी बोलींकडे मराठीच्या अभ्यासाचा विषय म्हणून पाहणे, ही कामे मराठी विभागांच्या आवाक्यातील आहेत आणि पुष्कळशी व्हावयाची आहेत. ‘पेरिप्लस’च्या अनामिक व्यापाऱ्याला दोन्ही किनारे एकाच नजरेने पाहता आले, कारण त्याला दोन्हीकडे व्यवहार करावयाचा होता. मराठी वाचकाचा आफ्रिकेशी असलेला व्यवहार तुटला तेव्हा ती नजरही गेली. नाणेघाटाच्या पायथ्याच्या मुलखातून तो व्यवहार पुन्हा सुरू करावयाचा असेल तर त्याचा आरंभ सफारीच्या तिकिटाने होणार नाही. देहरीच्या वाटेवरील वाडीत कोण राहते, हे विचारण्याने होईल.